फुकटची जीन-चाचणी आणि माझ्या ड्रॉवरमधली सहा किट

कृष्णाकाठची

नमस्कार मंडळी. तीन वर्षं वाचनमात्र होते, आज पहिल्यांदा धागा काढतेय, सांभाळून घ्या.

मी ह्यूस्टनमध्ये एका धर्मादाय दवाखान्यात काम करते. हुद्दा 'पेशंट नॅव्हिगेटर', म्हणजे हाताला धरून नेणारी बाई. कुठला फॉर्म भरायचा, कुठल्या रांगेत उभं राहायचं, कुणाला फोन लावायचा हे सांगणं माझं काम. येणारे बहुतेक मेक्सिको, होंडुरास, ग्वातेमालाकडचे, शिवाय आसपासच्या वस्तीतले ब्लॅक लोक. बऱ्याच जणांकडे विमा नाही.

या वर्षी एका देणगीतून आम्हाला आनुवंशिक कॅन्सरच्या चाचणीची किट मिळाली. नळीत थुंकायचं, झाकण लावायचं, पाठवून द्यायचं. स्तन, अंडाशय, आतडं, प्रोस्टेट अशा कॅन्सरशी जोडलेली जीन्स त्यात तपासतात. पेशंटला एक पैसा पडत नाही. माझ्या वाट्याला सहा आली. नोव्हेंबरमध्ये त्यांची मुदत संपते. आज ऑगस्ट संपत आला आणि सहाच्या सहा ड्रॉवरमध्ये पडून आहेत.

आमच्याकडे यावर ठरलेलं उत्तर आहे: "या लोकांचा विश्वास नसतो. टस्कीगी वगैरे." (टस्कीगी म्हणजे कृष्णवर्णीय पुरुषांना उपचार न देता चाललेला जुना सरकारी अभ्यास.) मीही ते उत्तर दोन-तीनदा पुढे ढकललंय. पण परवा ड्रॉवर उघडला आणि वाटलं, यातल्या किती जणींना मी खरोखर विचारलं? तर प्रश्न असा: ब्लॅक आणि लॅटिनो लोकांपर्यंत ही चाचणी पोचत नाही यामागे त्यांचा अविश्वास किती आणि आपला हात किती? इकडे राहणाऱ्यांचे, या क्षेत्रातल्यांचे अनुभव हवे आहेत.

पाणीपुरी_पर्यवेक्षक

वाचतोय. आधी एक बावळट प्रश्न. थुंकीवरून कॅन्सर झालाय की नाही ते कळतं?

गाठभेट

बावळट अजिबात नाही, माझे निम्मे पेशंट हाच प्रश्न विचारतात. (मी फिलाडेल्फियात ऑन्कॉलॉजिस्ट आहे. सदस्यनाम बायकोनं सुचवलं, दोष तिला द्या.)

कॅन्सर आहे का हे या चाचणीतून कळत नाही. होण्याचा धोका जन्मतःच वाढलेला आहे का, ते कळतं. सर्वात प्रसिद्ध जीन्स म्हणजे बीआरसीए-१ आणि बीआरसीए-२. स्तनाच्या कॅन्सरचा आनुवंशिक धागा १७व्या गुणसूत्रावर आहे हे मेरी-क्लेअर किंग यांनी १९९० मध्ये दाखवलं आणि १९९४ मध्ये बीआरसीए-१ नेमकं हाती लागलं. अमेरिकेत साधारण आठात एका बाईला आयुष्यात कधीतरी स्तनाचा कॅन्सर होतो. यातलं एखादं जीन बिघडलेलं असेल तर ऐंशीव्या वर्षापर्यंत तो होण्याची शक्यता ७० टक्क्यांच्या आसपास जाते. अंडाशयाच्या कॅन्सरचा धोका बीआरसीए-१ मध्ये ४४ आणि बीआरसीए-२ मध्ये १७ टक्क्यांपर्यंत.

कळून उपयोग काय? पंचविशीपासून दरवर्षी एमआरआय. मुलं झाल्यावर पस्तीस-चाळीसच्या दरम्यान अंडाशय आणि नळ्या काढून टाकण्याचा पर्याय. आणि कॅन्सर झालेलाच असेल तर ओलॅपरिबसारखी औषधं, जी नेमकी याच पेशंटना जास्त लागू पडतात. म्हणजे जिला चाचणी मिळाली नाही तिला औषधही चुकण्याची शक्यता.

मूळ प्रश्नावर रात्री लिहितो, ओपीडी आहे.

खडूस_आजोबा

ताई, स्पष्ट लिहितो, राग मानू नका. फुकट देऊनही लोक घेत नसतील तर घोड्याला पाण्यापर्यंत नेता येतं, पाजता येत नाही. १९७२ ला संपलेल्या प्रकरणाचं भांडवल २१व्या शतकात किती करायचं? माझा मुलगा डॅलसला आहे. तो म्हणतो, ज्याला हवंय त्याला सगळं मिळतं.

पाणीपुरी_पर्यवेक्षक

आजोबा आले. पॉपकॉर्न घ्या रे.

निशिगंधा_न्यूअर्क

आजोबा, तुमच्या मुलाला ऑफिसचा विमा आहे. माझ्या शेजारच्या टेबलावरच्या बाईलाही होता, म्हणून तिची गोष्ट सांगते.

ब्लॅक, वय ३८, माझ्यासारखीच हिशेब खात्यात. छातीत गाठ लागली. ट्रिपल निगेटिव्ह निघाला, म्हणजे स्तनाच्या कॅन्सरचा एक आक्रमक प्रकार. (हा प्रकार ब्लॅक बायकांमध्ये गोऱ्यांच्या जवळपास दुप्पट आढळतो, हे मला नंतर कळलं.) एवढ्या तरुण वयात, तोही या प्रकारचा, म्हणजे जीन-चाचणी सुचवायलाच हवी होती. केमो झाली, शस्त्रक्रिया झाली, रेडिएशन झालं. दीड वर्षात एकाही डॉक्टरनं त्या चाचणीचा उच्चार केला नाही. ती कॉलेजात शिकलेली बाई, वही घेऊन डॉक्टरकडे जायची, प्रश्न लिहून न्यायची. पण जे अस्तित्वात आहे हेच माहीत नाही, त्याबद्दल प्रश्न कसा लिहिणार?

शेवटी तिच्या चुलतबहिणीला अंडाशयाचा कॅन्सर झाला, तिकडच्या डॉक्टरनं चाचणी केली आणि तो धागा पकडून हिची झाली. बीआरसीए-१. वडिलांकडून आलेलं. तिच्या फाइलीत 'कौटुंबिक इतिहास: नाही' असं लिहिलेलं होतं, कारण विचारणाऱ्यानं फक्त "आईला किंवा बहिणीला होता का?" एवढंच विचारलं होतं.

ती टस्कीगीला घाबरली नव्हती, आजोबा. तिला कुणी विचारलंच नव्हतं.

शेवग्याची_शेंग

बाप रे. पण बापाकडून कसं येईल? त्याला थोडाच स्तनाचा कॅन्सर होणार?

गाठभेट

पुरुषालाही होतो, क्वचित. पण मुद्दा तो नाही. जीन आईकडून येतं तसंच बापाकडून येतं, प्रत्येक अपत्याला ५० टक्के शक्यता. बाप स्वतः ठणठणीत राहून मुलीच्या हाती देऊन जातो. बीआरसीए-२ असेल तर त्याला स्वतःला प्रोस्टेटचा धोका वाढतो. अमेरिकेत प्रोस्टेट कॅन्सरनं मरण्याचं प्रमाण कृष्णवर्णीय पुरुषांत गोऱ्यांच्या दुप्पट आहे. पण 'बीआरसीए म्हणजे बायकांचं काहीतरी' असा समज इतका घट्ट आहे की पुरुषांपुढे कुणी तो विषयच काढत नाही.

आता मूळ प्रश्न. निशिगंधांनी जे सांगितलं ते एकट्या त्यांच्या मैत्रिणीचं नाही. २००५ मध्ये आमच्याच गावातून, पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातून, एक अभ्यास आला. सगळ्या बायका अशा की ज्यांच्या घरात स्तनाचा किंवा अंडाशयाचा कॅन्सर होता. त्यात बीआरसीएच्या समुपदेशनापर्यंत पोचण्याचे 'ऑड्स' (शक्यतेचं एक माप) कृष्णवर्णीय बायकांमध्ये ७८ टक्क्यांनी कमी निघाले. उत्पन्न, शिक्षण, धोक्याचं प्रमाण, कॅन्सरची धास्ती, चाचणीबद्दलचं मत हे सगळं जमेस धरूनही दरी बुजली नाही. २०१६ मध्ये पेनसिल्व्हेनिया आणि फ्लोरिडातल्या, स्तनाचा कॅन्सर झालेल्या ६५ च्या आतल्या बायकांवर मोठा अभ्यास झाला. संशोधकांना शंका होती की कृष्णवर्णीय पेशंट वेगळ्या डॉक्टरांकडे जातात म्हणून हे घडत असेल. वेगळ्या डॉक्टरांकडे जातात हे खरं निघालं, पण तेवढ्यानं फरकाचा उलगडा झाला नाही. डॉक्टरांकडून शिफारसच कमी होत होती.

आणि 'त्यांच्यात ही जीन्स कमीच असतील' असंही नाही. २०२१ मध्ये हजारो पेशंटची तुलना छापून आली. स्तनाचा कॅन्सर झालेल्या कृष्णवर्णीय आणि गोऱ्या बायकांमध्ये बिघडलेली जीन्स मिळण्याचं प्रमाण जवळपास सारखं, दोन्हीकडे पाच टक्क्यांच्या वर.

माझा स्वतःचा कबुलीजबाबही लिहून टाकतो. आमच्याकडे पेशंटला पंधरा मिनिटं मिळतात. समोरचा पेशंट इंग्रजी बोलणारा, शिकलेला, प्रश्न विचारणारा असला की चाचणीचा विषय आपोआप निघतो. दुभाषी फोनवर असला, पेशंट गप्प असला, की 'पुढच्या भेटीत बोलू' होतं. मी वंशभेद मानत नाही असं मलाही वाटायचं. मग एकदा स्वतःच्याच वर्षभराच्या फाइली काढून पाहिल्या. त्यानंतर वाटेनासं झालं.

हिशेबनीस

डॉक्टर, प्रामाणिकपणाबद्दल दंडवत.

आठवीतला_भूगोल

गाठभेट यांच्याशी सहमत, पण म्हणून इतिहास खोटा ठरत नाही. खडूस आजोबांना टस्कीगी हे 'प्रकरण' वाटतंय म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

अलाबामात १९३२ ते १९७२, चाळीस वर्षं, सरकारी आरोग्य खात्यानं सुमारे सहाशे कृष्णवर्णीय पुरुषांवर अभ्यास केला. त्यातल्या ३९९ जणांना सिफिलिस होता. त्यांना 'वाईट रक्त' आहे एवढंच सांगितलं होतं. चाळीसच्या दशकात पेनिसिलिन आलं, ते मुद्दाम दिलं नाही. वर्तमानपत्रात आल्यावर थांबलं. राष्ट्राध्यक्षांनी माफी मागितली ती १९९७ मध्ये.

पण जीन-चाचणीच्या संदर्भात टस्कीगीपेक्षा जवळची गोष्ट सिकल सेलची, म्हणजे रक्ताच्या एका आनुवंशिक आजाराची आहे. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेतल्या अनेक राज्यांनी कृष्णवर्णीयांना सिकल सेलची तपासणी सक्तीची केली. ज्यांच्यात आजार नाही, फक्त वाहक आहेत, अशांनाही नोकऱ्या नाकारल्या गेल्या, विम्यात अडवलं गेलं, हवाई दलाच्या अकादमीत प्रवेश बंद झाला. म्हणजे 'तुमचं रक्त तपासू, तुमच्या भल्यासाठी' हे वाक्य या समाजानं आधी एकदा ऐकलेलं आहे. २००८ च्या जनुकीय भेदभावविरोधी कायद्याच्या, 'जीना'च्या, प्रास्ताविकात सिकल सेलचा हा इतिहास नमूद केलाय.

लॅटिनो बायकांचं वेगळंच. लॉस एंजेलिसच्या काउंटी हॉस्पिटलात साठ-सत्तरच्या दशकांत मेक्सिकन बायका बाळंतपणाला गेल्या, कळा चालू असताना इंग्रजी कागदावर सह्या घेतल्या आणि नसबंदी करून टाकली. दहा जणी कोर्टात गेल्या, 'माद्रिगाल विरुद्ध क्विलिगन'. १९७८ मध्ये न्यायाधीशांनी निकाल डॉक्टरांच्या बाजूनं दिला. आता विचार करा, त्यांच्यातल्या एखादीच्या नातीला कुणी सांगतंय की थुंकी द्या, आणि जीन सापडलं तर अंडाशय काढून टाकावे लागतील.

खडूस_आजोबा

हे नसबंदीचं मला ठाऊक नव्हतं. आणीबाणीत आमच्या तालुक्यातल्या शिक्षकांना केसेसचा कोटा दिला होता, तेव्हापासून कितीतरी वर्षं लोक सरकारी दवाखान्याची गाडी दिसली की शेतात पळायचे. ते आठवलं. घोड्याचं वाक्य मागे घेतो.

पण निशिगंधाताईंच्या मैत्रिणीला विचारलंच नाही आणि भूगोलवाले म्हणतात विचारलं तरी भीती. नक्की काय ते ठरवा.

निशिगंधा_न्यूअर्क

आजोबा, दोन्ही. पण क्रम बघा ना. भीती वाटायला आधी कुणीतरी विचारावं लागतं.

सोलापुरी_चादर

+१. हे फ्रेम करून ठेवा.

रात्रपाळी

या धाग्यावर माझी पोळी भाजता येईल असं वाटतंय. मी अशाच चाचण्यांच्या प्रयोगशाळेत काम करते. माझं काम डीएनएतला बदल बघून तो 'घातक', 'निरुपद्रवी' की 'सांगता येत नाही' हे ठरवायचं. तिसऱ्या रकान्याला आम्ही व्हीयूएस म्हणतो, म्हणजे अनिश्चित अर्थाचा बदल.

कल्पना करा, मराठीचा एक शुद्धलेखन तपासनीस आहे आणि त्याचा शब्दकोश फक्त सदाशिव पेठेत फिरून बनवलाय. त्याच्यासमोर नागपूरचं वाक्य आलं, "मी जाऊन राहिलो." त्याला कळेना, ही चूक की बोली? तो 'अनिश्चित' असा शिक्का मारणार. चूक वाक्यात नाही, शब्दकोशात आहे. आमचा शब्दकोश मुख्यतः युरोपीय वंशाच्या लोकांवर बनला. २०१६ च्या मोजणीनुसार जगभरच्या जनुकीय अभ्यासांतले सुमारे ८० टक्के लोक युरोपीय वंशाचे होते. आफ्रिकन वंशाचे तीन टक्के, लॅटिनो एका टक्क्याहून कमी. त्यामुळे ब्लॅक, लॅटिनो (आणि आपण देशीसुद्धा) पेशंटच्या अहवालात व्हीयूएस जास्त येतो. पुढे त्यातले बहुतेक निरुपद्रवी ठरतात. पण मधली पाच-सात वर्षं ती बाई कागद उशाशी घेऊन झोपते. काही जणी धास्तीनं नको ती शस्त्रक्रियाही करून घेतात. व्हीयूएसवर शस्त्रक्रिया ठरवायची नसते, हे सगळीकडे ठळक अक्षरात लिहायला हवं.

उलट प्रकारही होतो, चूक असून न दिसणं. मेक्सिकन वंशाच्या बायकांत बीआरसीए-१ चा एक बिघाड वारंवार सापडतो, नवव्या ते बाराव्या भागाचा अख्खा तुकडाच गळालेला. जुनी चाचणी अक्षरं वाचायची, पानंच फाटलेली असतील तर तिला पत्ता लागायचा नाही. मोठे तुकडे शोधायची तपासणी २००६ पासून वेगळी मिळू लागली, पैसेही वेगळे. म्हणजे जिच्या समाजात फाटलेलं पान सामान्य, तिच्याच हाती 'सर्व काही ठीक' असा अहवाल जायचा. पुढे लॉस एंजेलिसजवळच्या सिटी ऑफ होप इथल्या डॉ. जेफ्री वाइट्झेल यांच्या गटानं नेमके लॅटिनोंमध्ये वारंवार दिसणारे बदल निवडून 'हिस्पॅनेल' नावाची चाचणी बनवली. मेक्सिकोत ती सुमारे वीस डॉलरमध्ये करून दाखवली. वीस!

नागपुरी_संत्रं

आम्ही अनिश्चित अर्थाचे नाही बाप्पा, आम्ही एकदम निश्चित आहोत. तपासनीसाले इकडे पाठवा, सावजी खाऊ घालतो, शब्दकोश आपोआप वाढते.

शेवग्याची_शेंग

रात्रपाळी, उदाहरण आवडलं. किंमत मग आता किती? ती हॉलिवूडची अभिनेत्री होती ना, तिनं केली तेव्हा म्हणे लाखो रुपये लागायचे.

रात्रपाळी

अँजेलिना जोली. तिचा लेख मे २०१३ मध्ये आला. तेव्हा अमेरिकेत या दोन जीन्सवर मिरियाड कंपनीची पेटंट होती आणि चाचणीला तीन हजार डॉलरहून अधिक पडायचे. महिन्याभरातच, १३ जून २०१३ ला, सर्वोच्च न्यायालयानं नऊ विरुद्ध शून्य असा निकाल दिला: निसर्गात आहे तसं डीएनए कुणाच्या मालकीचं होऊ शकत नाही. दोन वर्षांत कलर नावाच्या कंपनीनं २४९ डॉलरला चाचणी आणली. मी तेव्हा विद्यार्थिनी होते. आम्हाला वाटलं, आता दरी बुजलीच. कुठलं काय. किंमत एक दशांशाच्याही खाली आली आणि चाचणी करणारे वाढले ते मुख्यतः पूर्वीचेच, विमावाले, गोरे, शहरी. तुमचा ड्रॉवर हाच पुरावा आहे, कृष्णाकाठची. तिथे तर किंमत शून्य आहे.

आठवीतला_भूगोल

अवांतर, पण राहवत नाही. कोलोरॅडोत सॅन लुईस व्हॅली नावाचं खोरं आहे. तिथल्या जुन्या स्पॅनिश, पिढ्यान्‌पिढ्या कॅथलिक कुटुंबांत बीआरसीए-१ चा तो बदल सापडला जो पूर्व युरोपातल्या ज्यूंमध्ये प्रसिद्ध आहे. १४९२ मध्ये स्पेननं ज्यूंना हाकललं किंवा बाटवलं, त्यातल्या काहींचे वंशज मेक्सिकोमार्गे इथवर आले असावेत, असं मानलं जातं. फॉर्मवर 'ज्यू वंश आहे का?' असा रकाना असतो. हे लोक प्रामाणिकपणे 'नाही' लिहिणार.

आणि बहामामध्ये तर स्तनाचा कॅन्सर झालेल्या बायकांपैकी २३ टक्के बीआरसीए-१ वाहक निघाल्या. 'ब्लॅक' हा एकच रकाना करून त्यात अलाबामा, बहामा आणि नायजेरिया कोंबणं हेच मुळात अडाणीपणाचं आहे.

सोलापुरी_चादर

धागा १४९२ ला पोचला. पुढचा थांबा हडप्पा.

हिशेबनीस

आता रुक्ष बोलतो, कारण मी विम्यात आहे.

ओबामांच्या कायद्यामुळे, घरात कॅन्सरचा इतिहास असलेल्या बाईला बीआरसीएचं समुपदेशन आणि गरज असल्यास चाचणी खाजगी विम्यातून विनाशुल्क मिळायला हवी. पण विमा असेल तर. टेक्सासनं मेडिकेडचा (गरिबांसाठीच्या सरकारी आरोग्यविम्याचा) विस्तार केलेला नाही आणि विमा नसलेल्यांचं प्रमाण देशात सर्वाधिक तिथेच आहे. कागदपत्रं नसलेल्यांना तर साधं मेडिकेडही नाही.

'जीना'बद्दल भूगोलांनी लिहिलं, त्यात भर. तो कायदा आरोग्यविमा आणि नोकरी यांना लागू आहे. आयुर्विमा, अपंगत्वविमा, म्हातारपणीच्या शुश्रूषेचा विमा यांना लागू नाही. पंधराहून कमी कामगार असलेल्या मालकालाही नाही. फ्लोरिडानं २०२० मध्ये आयुर्विमा कंपन्यांना जीन-चाचणीची माहिती वापरायला बंदी घातली, पण ते एका राज्याचं. आता होंडुरासहून आलेली साफसफाई करणारी बाई सहा जणांच्या कंपनीत काम करते. तिच्या शंकेला अविश्वास म्हणायचं की कायद्याचं अचूक वाचन?

आणि ताई, तुम्हाला खरा प्रश्न. चाचणी फुकट. घातक बदल सापडला तर दरवर्षीचा एमआरआय कोण देणार? शस्त्रक्रिया कोण करणार? २००० सालच्या कायद्याखाली स्तनाचा कॅन्सर झालेल्या गरीब बाईला, ती पात्र असेल तर, मेडिकेडमधून उपचार मिळतात. झाल्यावर. होऊ नये म्हणून त्यात काही नाही. तुमच्या डॉक्टरांनी किट ड्रॉवरमध्ये ठेवण्यामागे हेही असू शकतं.

कृष्णाकाठची

हिशेबनीस, बरोबर नस पकडलीत. आमच्या डॉक्टरीणबाई एकदा बोलून गेल्या, "सापडलं तर मी तिला कुठे पाठवू?" तेव्हा मला ते कारण वाटलं नव्हतं, कुरकूर वाटली होती.

मी_माझी_मनी

मग न केलेलीच बरी ना? उगाच डोक्याला ताप. माझी आजी पोटात गाठ होऊन गेली. 'गाठ' म्हणायचे, कॅन्सर शब्द घरात कुणी उच्चारला नाही. शेवटपर्यंत शांत होती.

गाठभेट

मनी, आजी शांत होती की तिला बोलायला कुणी नव्हतं, हे आता कळणार नाही. मला असं म्हणणाऱ्या बऱ्याच जणी भेटतात आणि 'नको' म्हणायचा हक्क पूर्ण आहे. पण 'नको' तिनं म्हणावं. मी तिच्या वतीनं आधीच म्हणून टाकू नये.

हिशेबनीसांच्या मुद्द्याला: अंडाशयाची शस्त्रक्रिया काही काउंटी रुग्णालयांतून सवलतीत होते, बहिणींना कळवता येतं, मॅमोग्राम लवकर सुरू करता येतो. काहीच करता येत नाही असं क्वचित असतं. नॅव्हिगेटर नावाची व्यक्ती त्यासाठीच असते, नाही का?

आणि माझं मत, शिव्या खायची तयारी ठेवून: घरात कुणाला होता का, वय किती, वंश कोणता, ही चाळणीच काढून टाका. अमेरिकन ब्रेस्ट सर्जन्सच्या संघटनेनं २०१९ मध्येच म्हटलंय की स्तनाचा कॅन्सर झालेल्या प्रत्येकीला चाचणी उपलब्ध करा. २०२४ च्या ऑन्कॉलॉजिस्टांच्या मार्गदर्शिकेत ६५ पर्यंतच्या सगळ्यांना. माझ्या मर्जीवर ठेवलं की माझे पूर्वग्रह आत येतात. रक्तगट काय माझ्या मर्जीवर तपासतात?

रात्रपाळी

डॉक्टर, तत्त्वतः मान्य. पण सगळ्यांच्या चाचण्या झाल्या की व्हीयूएसचा पूर माझ्या टेबलावर, आणि तो कुणाच्या अहवालात जास्त येणार हे वर लिहिलंय. समुपदेशक मुळात कमी, त्यात बहुतांश गोऱ्या बायका, स्पॅनिश बोलणाऱ्या मोजक्या. आधी माणसं वाढवा.

गाठभेट

आधी शब्दकोश वाढल्याशिवाय चाचण्या नकोत, आणि चाचण्या झाल्याशिवाय शब्दकोश वाढत नाही. मग नागपूरला कधी जायचं?

रात्रपाळी

हे मात्र चपखल. हरले.

निशिगंधा_न्यूअर्क

माणसं कुठली यावर थोडं. लॅटिनो वस्त्यांत 'प्रोमोतोरा' असतात, आपल्या आशाताईंसारख्या, त्याच गल्लीतल्या. आणि लॉस एंजेलिसमध्ये ५२ ब्लॅक न्हाव्यांच्या दुकानांत रक्तदाब तपासून तिथेच फार्मासिस्टकडून औषध द्यायचा प्रयोग झाला होता, २०१८ मध्ये छापून आला. रक्तदाब खरोखर उतरला. प्रोस्टेटचं बोलायला न्हाव्याच्या खुर्चीइतकी चांगली जागा कुठली? शिकागोत डॉ. फुन्मी ओलोपाडे, मूळच्या नायजेरियाच्या, १९९२ पासून कॅन्सर जेनेटिक्सचं क्लिनिक चालवतायत. त्यांच्याकडे कृष्णवर्णीय पेशंट येतात आणि चाचणी करूनही घेतात. तिथे अविश्वास कुठे जातो?

खडूस_आजोबा

न्हाव्याची कल्पना पटली. आमच्या गावातल्या सगळ्या बातम्या आधी तिथेच फुटायच्या.

पाणीपुरी_पर्यवेक्षक

धागाकर्त्या कुठे गेल्या? सहा किटचं काय झालं?

कृष्णाकाठची

आले. उशीर झाला, पण कारण आहे.

तुमचं सगळं वाचून मी आमचा फॉर्म काढला. त्यावर स्पॅनिशमध्ये एकच ओळ: 'कुटुंबात कॅन्सरचा इतिहास आहे का? हो / नाही'. सगळ्या 'नाही'वर खूण करतात. मीही केली असती. वर मनीनं लिहिलंय तसं, कुणाला कॅन्सर 'झालेला' नसतोच, कुणाला गाठ असते, कुणी वाळून जातं, कुणी 'पोटाच्या दुखण्यानं' जातं. मागे राहिलेल्या गावात मृत्यूच्या दाखल्यावर काय लिहिलंय कुणी पाहिलंय?

मग निशिगंधाची मैत्रीण डोक्यात घोळत राहिली. वडिलांची बाजू. इंग्रजीत 'आंट', स्पॅनिशमध्ये 'तिआ', दोन्हीकडे आत्या आणि मावशी एकाच शब्दात जातात. आपल्याकडे शब्दच वेगळे, त्यामुळे आपल्याला सुचत नाही की हे विचारावं लागतं. मी कोऱ्या कागदावर दोन खांब काढले. एक मावश्यांचा, एक आत्यांचा. फॉर्म बाजूला ठेवला आणि मंगळवारी मधुमेहाच्या तपासणीला आलेल्या एका बाईंना चहा देऊन विचारलं, बाबांना बहिणी किती? कोण कुठे आहे? कोण नाही?

पुएब्ला जवळच्या खेड्यातल्या. वय ४४. 'नाही'वर खूण केलेली. बोटांवर मोजायला लागल्या. पहिली आत्या टिहुआनाला, बरी आहे. दुसरी गेली, मुलं लहान होती, छातीला जखम झाली होती. तिसरी गेली, पोट फुगलं होतं, डॉक्टर नव्हता. चौथ्या बोटावर थांबल्या आणि माझ्याकडे बघितलं. मी काही बोलले नाही. त्याच म्हणाल्या, "माझ्या मुली दोन आहेत."

मी चाचणीचं सगळं सांगितलं. सापडलं तर काय, न सापडलं तर काय, आणि 'सांगता येत नाही' असंही येऊ शकतं. (शुद्धलेखन तपासनीसाचं उदाहरण मेक्सिकोची राजधानी आणि पुएब्ला असं करून सांगितलं. हसल्या.) पत्ता कुणाला कळेल का, हे त्यांनी दोनदा विचारलं. अहवाल दवाखान्याच्या पत्त्यावर येईल असं करता आलं. नवऱ्याला विचारून येते म्हणाल्या. मला वाटलं, गेल्या.

शुक्रवारी आल्या. धाकट्या मुलीला घेऊन.

शेवग्याची_शेंग

अंगावर काटा आला.

गाठभेट

तो दोन खांबांचा कागद मला पाठवाल का? विपू (विचारपूस) करतो.

हिशेबनीस

उरलेल्यांची मुदत नोव्हेंबरपर्यंतच ना?

कृष्णाकाठची

हो. ड्रॉवरमध्ये पाच आहेत. सोमवारी सकाळी नऊला दोघी येणार आहेत, कागद छापून ठेवलेत.